गळत आले, कळत आले

अक्का, काल तुझ्या तेराव्याच्या जेवणात मला किळस आली. पायसात काही पडलं नव्हतं, वडेही चांगले झाले होते, आचाऱ्यानं केळीची पानं स्वच्छ धुतली होती. किळस आली ती पानाशेजारी ठेवलेल्या कार्डाची. आपल्या तमिळ मुलखातल्या मराठी मंडळाच्या नागूमामांनी ते छापून आणलं होतं, प्रत्येक पानाला एक. वर तुझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, त्याला कॉम्प्युटरवर काढलेला झेंडूचा हार, मागे देवळाचं गोपुर, आणि त्या गोपुरातून वर चढणारी गुणसूत्राची निळीतांबडी पिळाची शिडी. तुला ही शिडी फळ्यावर नीट काढायला एक तास लागायचा. इथे ती वेलीसारखी कशीही वळली होती. खाली सोनेरी देवनागरी अक्षरांत एक ओळ होती: ‘बापाच्या सूत्रांतून गुण कळत आले.’ आणि त्याखाली तुझं नाव, प्राध्यापिका म्हणून, पदव्यांसकट.

तू हे कधी म्हणाली नव्हतीस. तू बरोबर उलट म्हणाली होतीस. आणि कार्डावरची ही ओळ माझ्या हातून उतरली होती. त्यामुळे मला नक्की कोणाची किळस आली हे ठरवायला मी आज सकाळपासून बसलोय. नागूमामांपासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं.

नागूमामा तुला ठाऊकच आहेत. कुठलंही लग्न, बारसं, तेरावं असो, ते माईक शोधतात. काल पायसाची वाटी तोंडाला लावून, ओठावरचं पायस न पुसता, ते शेजारच्या पंक्तीला सांगत होते, "अंबू केवढी शिकलेली. तिनंच शास्त्रानं दाखवलें, गोत्र बापाकडून जातें म्हणून. वाय् गुणसूत्र म्हणजेच आपलें गोत्र. पण काय करणार, तिज पोर नाही, रामूस मुलगीच. ह्या घराचें संपलें." मग ढेकर दिली. माझी मुलगी तुळजा तिथेच पाणी वाढत होती. तिनं ऐकलं आणि पुढच्या पेल्यात पाणी ओतलं. मी पण ऐकलं आणि वडा मोडला.

मोबाईलवर फिरणारा तो गोत्राचा निरोप तुला पहिल्यांदा मीच दाखवला होता, आठवतं? मुलाला वाय् फक्त बापाकडून मिळतो, म्हणून गोत्र बापाचं, म्हणून ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं, अशी ती साखळी. तू कॉफी गाळत होतीस. वाचलंस आणि गाळणं खाली ठेवलंस. "पहिली ओळ खरी," म्हणालीस. "बापाकडून मुलास, हें खरें. पण त्यांत जातें काय, तें विचार. मुलगा हो म्हणून हुकूम, आणि थोडी आपलीच डागडुजी. डोळे नाहीत त्यांत, कंठ नाही, शहाणपण तर नाहीच नाही." मी म्हटलं, तरी अखंड आलं ना बापाकडून बापाकडे. त्यावर तू म्हणालीस, "ओरत्तनाडूच्या वानरासही तसेंच आलें. त्याचेंही गोत्र लिही तुझ्या वंशावळींत."

आपल्या घराची वंशावळ माझ्याकडे आहे. आधी मोडीत, मग देवनागरीत, मी तीनदा उतरवली. तालुका कचेरीत आयुष्यभर सातबाराच्या इथल्या भावंडांना, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यांना, शिक्के मारले, त्यामुळे उतरवण्याची सवय हाताला होती. त्या वंशावळीत एकही बाई नाही. तू दरवेळी विचारायचीस, "मी कुठें?" आणि मी म्हणायचो, पाहू. हे ‘पाहू’ मी तीस वर्षं वापरलं.

ओरत्तनाडूचं वानर तू उगाच काढलं नव्हतंस. आपण लहानपणी तिथल्या जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, सख्ख्या मामांबरोबर जायचो. मला त्या माकडांची शिसारी यायची. एक मादी माझ्या हातातलं केळं घेऊन माझ्याच खांद्यावर बसून खायची आणि तिचं पोट माझ्या मानेला लागायचं. तू मात्र भिंतीला टेकून बसायचीस आणि वहीत लिहायचीस, कोण कोणाच्या उवा काढतं ते. पुढे तू मला सांगितलंस की ह्या माकडांत लेकी जन्मभर टोळीतच राहतात, आणि पोरगे मोठे झाले की दुसऱ्या टोळीत निघून जातात. म्हणजे घर चालवतात आयामावशा आणि बहिणी. "बघ," म्हणालीस, "येथें माहेर सोडायचें तें मुलग्यांनी." आई त्यावर म्हणाली होती, म्हणूनच ती माकडं राहिली. त्या दिवशी तूही हसलीस.

मग तू पीएच.डी.साठी माकडांची लेंडकं गोळा करायला लागलीस. त्यातून त्यांच्या गुणसूत्रांचे तुकडे मिळतात म्हणे. छोट्या नळ्यांत स्पिरिटमध्ये बुडवलेली लेंडकं, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि त्या नळ्या कॉफी पावडरीच्या रिकाम्या डब्यात. डब्यावरचं नाव तू पुसलं नव्हतंस. एकदा आईनं पाहुण्यांसमोर तो डबा उघडला. पाहुणे कुंभकोणमचे होते, तुला बघायला आले होते. नंतर त्यांनी कधी निरोप पाठवला नाही. आई आठवडाभर तुझ्याशी बोलली नाही, मी तर दोन आठवडे त्या डब्याकडे बघून नाक मुरडायचो. तू म्हणालीस, "तुज जें घाण वाटतें, तेंच माझें पुस्तक." मला तेव्हा ते वाक्य आगाऊपणाचं वाटलं होतं. काल ते स्वच्छ गुळगुळीत कार्ड हातात धरल्यावर मला वाटलं, तुझा डबा बरा होता.

आता तो लेख. मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेला नागूमामांना ‘शास्त्रावर काहीतरी’ हवं होतं, आणि तू लिहिलंस. तू मराठी बोलायचीस, पण देवनागरी वाचायची नाहीस. आपल्यातले बहुतेक तसेच. तू मराठी लिहायचीस ती तमिळ अक्षरांत, आईसारखी, तिच्या आईसारखी. देवनागरीत उतरवायचं काम माझं. ‘कागदी मराठीवाला’ म्हणायचीस मला, कारण मी पुण्याची पुस्तकं वाचून वाचून तुझ्याशीही पुस्तकासारखं बोलायला लागलो होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला हवं, तमिळमध्ये क आणि ग ला एकच अक्षर आहे. प आणि ब ला एकच, त आणि द ला एकच. कुठला उच्चार ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. आजोबांच्या एका पत्रात ‘बाप घरीं आला’ हे मी लहानपणी ‘पाप घरीं आला’ असं वाचलं होतं, आणि सगळं घर दिवसभर हसत होतं. त्यामुळे ही चूक कशी होते हे मला इतरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तू लिहिलं होतंस, ‘बापाच्या सूत्रांतून गुण गळत आले.’ पुढे तू नीट समजावलं होतंस. एक्स आणि वाय् ही एके काळी साधी जोडी होती, इतर जोड्यांसारखीच, दोघींची लांबी सारखी, एकमेकींशी देवाणघेवाण करणाऱ्या. मग एकीवर नर घडवणारा गुण, म्हणजे जनुक, आला. मग तिचा एक तुकडा उलटा बसला आणि त्या भागात देवाणघेवाण थांबली. जोडीदाराशी बोलणं थांबलं की चूक दुरुस्त कोण करणार, म्हणून कोट्यवधी वर्षांत एकेक गुण गळत गेला आणि वाय् आखूड झाला. आपल्यात आणि माकडात वाटा फुटल्या त्याच्या आधीच बरीचशी गळती होऊन गेली होती. नंतर आपल्याकडे ती जवळजवळ थांबली. चिंपांझी आपला जास्त जवळचा, पण त्याचा वाय् आपल्याहून फार वेगळा झाला, त्यानं आणखी काही टाकलं आणि काहींच्या प्रती वाढवल्या. ‘म्हणून बापाची रेघ सरळ आणि शुद्ध आहे असें कोणी सांगितलें तर त्यास चिंपांझीचा पत्ता द्या,’ असं तुझं वाक्य होतं.

आणि उरलेलं कसं टिकलं, तेही तू लिहिलं होतंस. वाय् च्या काही भागांत मजकूर असा आहे की उलटसुलट सारखाच वाचता येतो. जोडीदार नाही, म्हणून तो स्वतःच दुमडतो आणि एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूवरून सुधारतो. शाळेत आपण ‘विकटकवि’ हा शब्द दोन्हीकडून वाचायचो ना, तसं. तू शीर्षकच ‘विकटकवि’ दिलं होतंस. फार सुंदर लेख होता, अक्का. मी तुला हे कधी सांगितलं नाही. आज सांगतोय, आता सांगून काय होणार.

मी उतरवत होतो तेव्हा नागूमामा शेजारी बसून कॉफी पीत होते. मी पहिल्या ओळी मोठ्यानं वाचत, लिहीत होतो. ‘गुण’ नंतरचा शब्द मी ‘कळत’ वाचला. इथपर्यंत चूक प्रामाणिक होती. नागूमामांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "सबाश. हेंच मथळा कर." तिसऱ्या ओळीवर आलो आणि मला समजलं, शब्द ‘गळत’ आहे. पुढे सगळं गळण्याबद्दलच होतं, दुसरा अर्थ निघूच शकत नव्हता. नागूमामा माझ्याकडे कौतुकानं बघत होते. म्हणाले, "रामू, शेवटचा पुरुष ना तू ह्या घराचा. तुझ्याच हातून हें लिहून व्हावें." मला ते आवडलं. मुलगा नाही म्हणून ज्या माणसाला आयुष्यभर प्रत्येक कार्यात कोणीतरी हळहळ दाखवली, त्याला कोणी एकदा ‘शेवटचा पुरुष’ म्हटलं की तो फुगतो. मी पुढचं वाचणं थांबवलं. मथळा लिहिला. मग घरी बसून तुझा लेख कापला. चिंपांझी कापला, विकटकवि कापला, गळती सगळी कापली. जागा कमी होती म्हणून, असं तुला सांगितलं.

स्मरणिका आली तेव्हा तू ती तुळजाकडून वाचून घेतलीस. तुळजा शाळेत हिंदी शिकली, त्यामुळे तिला अक्षरं लागतात. आपली भाषा तिला समजते, बोलते मात्र तमिळच. तिनं ‘कळत’ वाचल्यावर तू तिला परत वाचायला लावलंस. मग मला फोन केलास. ओरडली नाहीस. म्हणालीस, "क पडला रे तुझा. चुकून झालें, होय कीं? एक ओळ छाप पुढच्या अंकांत. गळत म्हणून." मी म्हटलं, चुकूनच, अक्का. छापतो.

पुढचा अंक आला, त्याच्या पुढचा आला. मध्ये तुझी ओळ मोबाईलवर त्या गोत्राच्या निरोपाखाली जोडली गेली, तुझ्या नावासकट. तुझ्या जुन्या विद्यार्थिनींनी तुला विचारलं, मॅडम, तुम्ही हे म्हणालात का? कॉलेजातल्या एका तरुण मास्तरानं तुला भाषणाला बोलावून नंतर हळूच नको म्हटलं. तू मला दरवेळी एवढंच विचारायचीस, "छापलें कीं?" मी म्हणायचो, पुढच्या अंकात. नागूमामांना मी एकदाही सांगितलं नव्हतं. आधी सांगायचं राहिलं, मग राहिलेलं इतकं मोठं झालं की सांगायची लाज वाटायला लागली.

आणि मग तू दवाखान्यात. दुपारची वेळ होती, तुझ्या हाताला सुई लावलेली, तुळजा औषधं आणायला खाली गेली होती. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "छापलें कीं?" मी म्हटलं, छापलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस, म्हणून मी आणखी सांगितलं. शेवटच्या पानावर, चौकटीत, जाड अक्षरांत. चौकट मी तिथल्या तिथे बनवली. तू म्हणालीस, "चौकटींत? बरें केलेंस. मोठा झालास रे." मी बासष्ट वर्षांचा आहे. तू माझा हात दोनदा थोपटलास आणि कूस बदललीस. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

काल जेवणं झाल्यावर नागूमामांनी माईक माझ्या हातात दिला. हॉलभर माणसं, आणि देवनागरी वाचणारे मला धरून चार. कार्ड मीच वाचायचं. मी उभा राहिलो आणि मनात ठरवलं की आज अक्काचं ऋण फेडायचं. मी वाचलं, ‘बापाच्या सूत्रांतून गुण गळत आले.’ ‘ग’ वर चांगला जोर दिला. मला वाटलं, कोणीतरी दचकेल, नागूमामा मध्येच थांबवतील, मग मी समजावीन.

कोणी दचकलं नाही. क काय आणि ग काय, आपल्या कानांना दोन्ही चालतात, जन्मभर एकाच अक्षरातून दोन्ही वाचलेत. टाळ्या पडल्या. नागूमामांनी पुन्हा "सबाश" म्हटलं आणि माईक घेतला. मी खाली बसलो. मला खरंच वाटलं होतं की मी काहीतरी धीट केलं. एका अक्षरावर जोर देऊन मी सत्य सांगून मोकळा झालो होतो. त्या क्षणी मला जी किळस आली, ती नागूमामांच्या ढेकरेची नव्हती. पायस खाऊन आलेला गोडवा तोंडात होता आणि तो जात नव्हता.

घरी आल्यावर तुळजा कपडे न बदलता माझ्यासमोर उभी राहिली. तिनं ते कार्ड आणलं होतं. आत्याला तमिळमध्ये अत्ते म्हणतात, तसं तमिळमध्येच म्हणाली, "अप्पा, अत्ते मला दवाखान्यात म्हणाली होती, तुझ्या अप्पानं सरळ केलं, चौकटीत छापलं, आता मला काळजी नाही. दोनदा सांगितलं तिनं. मग ह्या कार्डावर ‘क’ कसा?" मी म्हटलं, नागूमामांनी जुना अंक बघून छापलं असेल. हेही पटकन सुचलं, अक्का. तिनं म्हटलं, "मग नवा अंक दाखवा." मी कपाटाकडे गेलो, कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हटलं, उद्या.

म्हणून आज सकाळी हे लिहायला बसलो. लिहिता लिहिता लक्षात आलं की मी हे देवनागरीत लिहितोय, म्हणजे आपल्या माणसांपैकी कोणी हे वाचणार नाही. पुण्याला कोणी वाचेल, तिथे मला कोण ओळखतं. कबुलीसुद्धा मी अशी जागा बघून देतोय जिथे ऐकणारं कोणी नाही. मग म्हटलं, तमिळ अक्षरांत लिहावं, सगळ्यांना वाटावं. एक ओळ लिहून पाहिली. ‘कळत नव्हे, गळत.’ तमिळमध्ये ते दोन शब्द हुबेहूब एकच दिसतात. ‘अमुक नव्हे, अमुक’ असं ते वाक्य झालं. तुझ्या शब्दाची चूक आपल्या घरच्या अक्षरांत सुधारताच येत नाही. ती तोंडानं सांगावी लागते, समोर उभं राहून, आणि मुद्दाम केली हेही सांगावं लागतं.

मी नागूमामांना फोन केला. सगळं सांगितलं, तिसऱ्या ओळीपासून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आतां कशास? गेलेल्या माणसाच्या तोंडीं गळणें बरें दिसतें कीं? कळणेंच असूं दे. तिज शोभतें." मी म्हटलं, मी प्रत्येक घरी जाऊन सांगणार आहे. ते म्हणाले, "सांग. लोक म्हणतील रामू भ्रमला." संध्याकाळपासून जायला सुरुवात करणार आहे. वंशावळीत तुझं नाव सकाळीच लिहिलं, बाबांच्या खाली, माझ्या आधी, आणि माझ्या खाली तुळजाचं. तीस वर्षांच्या ‘पाहू’ला चार मिनिटं लागली. ह्याबद्दल मला काही शाबासकी नको.

पण पहिलं घर माझंच होतं. दुपारी तुळजा कामावरून, तिच्या लॅबमधून, जेवायला आली तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि इथपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. दवाखान्याचंही वाचलं. चौकट वाचली, जाड अक्षरं वाचली. भात तसाच निवत होता.

वाचून झाल्यावर ती उठली, हात धुतले, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. प्रत्येक अक्षर नीट, वेगळं वेगळं.

"हें अत्तेस सांगायचें होतें, अप्पा. मज कशास सांगतां?"